जस्ताला रंग लावू नका

घरजावई व्हावं की नाही, असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, खुशाल व्हा, पण मुके असाल तरच व्हा. माझा छळ होतो असं नाही. टोमणे नाहीत, भांडणं नाहीत, उपाशी ठेवणं तर नाहीच नाही. उलट माझ्या सासूबाई मला इतका मान देतात की जीव घुसमटतो. मी बादली उचलली की, "जावईबापू, तुम्ही बसा." मी झाडू हातात घेतला की मेव्हणा धावत येतो, "दाजी, राहू द्या हो." मी काही सांगायला तोंड उघडलं की सगळे हातातलं काम थांबवून ऐकतात, माना डोलावतात, "बरोबर आहे तुमचं," म्हणतात, आणि मग उठून जे करायचं तेच करतात. पालथ्या घड्यावर पाणी. आणि वर चहा.

मी धंद्याने वेल्डर आहे. धातू काय खातो आणि धातूला काय खातं, एवढं एकच ज्ञान मला आहे. बाकी कशात मी डोकं चालवत नाही. माझ्या सासरच्या माणसांनी माझं बाकी काही मानलं नसतं तरी चाललं असतं, पण त्यांनी नेमकं एवढंही मानलं नाही.

सासरे लाकडी होडीतून खाडीपलीकडे माणसं न्यायचे. ते गेले आणि काही वर्षांनी होडीही कुजली. नवी घ्यायची वेळ आली तेव्हा मी हट्ट धरला की अ‍ॅल्युमिनियमची लाँच घेऊ. हलकी असते, कुजत नाही, डिझेल कमी पिते. धक्क्यावरची मंडळी हसली. "पत्र्याचा डबा घेताय होय?" म्हणाली. सासूबाईंनी सगळ्यांना गप्प केलं. "जावईबापू म्हणतायत ना, मग तीच घ्यायची." त्या एका वाक्याचं ओझं मी तेव्हापासून वाहतोय. लाँच बुडाली तर माणसं बुडतील, हे तर आहेच. पण ती नुसती गळली, तरी मला ह्या घरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

आणि ती गळावी अशी सोय सासूबाई दर वर्षी स्वतःच्या हाताने करत होत्या.

लाकडी होडीच्या तळाला तांब्याचा लाल रंग लावतात. तांबं विषारी, त्यामुळे शेवाळ आणि शिंपले तळाला चिकटत नाहीत. लाकडाला त्या तांब्याचं काही सोयरसुतक नसतं. पण अ‍ॅल्युमिनियमवर तोच रंग लावून खाऱ्या पाण्यात सोडा, की दोन्ही धातूंची जुंपते, आणि ह्या भांडणात अ‍ॅल्युमिनियम नेहमी हरतं. आधी पुटकुळ्या, मग खड्डे, मग भोक. म्हणून आधी प्रायमरचे जाडजूड हात द्यायचे आणि त्यावर बिनतांब्याचा रंग. शिवाय तळाला जस्ताच्या वड्या बसवतात, अंगाच्या साबणाएवढ्या. खाऱ्या पाण्याला काहीतरी खायचंच असतं, तर ते आधी जस्त खातं आणि लाँचला सोडून देतं. वडी झिजली की नवी लावायची. अट एकच, वडी उघडी पाहिजे. तिला रंग लावला की ती असून नसल्यासारखी.

हे सगळं समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. पण सासूबाईंना उघडा धातू बघवत नाही. रंग लावायला घेतला की एक टाचणीएवढी जागा त्या सोडत नाहीत. सासऱ्यांच्या होडीचा तळही त्याच रंगवायच्या, आणि धक्क्यावर त्यांच्या हाताचं नाव होतं. गेल्या वर्षी लाँच क्रेनला लटकून पाण्याकडे निघाली होती तेव्हा मला वड्या दिसल्या. लालचुटूक, दोन हात मारलेल्या. मी ओरडेपर्यंत लाँच पाण्यात. ते अख्खं वर्ष मी रोज तिच्या फळ्या उचलून आत पाणी आलंय का बघत काढलं.

ह्या वर्षी मी ठरवलं होतं की चूक होऊच द्यायची नाही. लाँच रंगवायला यार्डात बाहेर काढायच्या आधी रात्री जेवताना मी ताटाच्या कडेला चमचा टेकवून सगळं समजावलं. ताट म्हणजे लाँच, चमचा म्हणजे तांबं, मिठाची चिमूट म्हणजे खाडी. बायको चमच्याकडे बघत होती, मेव्हणा ताटाकडे.

"म्हणजे ती वडी उघडीच ठेवायची?" सासूबाईंनी विचारलं.

"उघडीच."

"कळलं."

आमच्या घरात "कळलं" म्हटलं की विषय संपतो. समजला असं नव्हे, संपतो.

तरी मी प्रायमर आणला, बिनतांब्याचा काळा रंग आणला, वड्यांवर कागदी चिकटपट्टी लावली. तळ खरवडायला लोखंडी ब्रश वापरू नका म्हणून बजावलं. मग मला एका कारखान्यात टाकीच्या वेल्डिंगला जावं लागलं. मधे एकदा येऊन पाहिलं, तर तळ खरवडून, घासून तयार. हात फिरवला तर काचेसारखा गुळगुळीत. मी मेव्हण्याला विचारलं, "खड्डे वगैरे काही?"

"छे हो, दाजी. एकदम ओके."

मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

काल दुपारी टाकीचं काम उरकून मी तडक यार्डात आलो. आज सकाळच्या भरतीला लाँच पाण्यात सोडायची होती. ठोकळ्यांवर ती उभी होती, तळ काळाभोर, एकसारखा. कुठे ओघळ नाही, कुठे ब्रशची रेघ नाही. सासूबाई पालथ्या बादलीवर बसून रॉकेलमध्ये ब्रश धूत होत्या. मी मनात म्हटलं, शेवटी ऐकलं बरं का ह्यांनी. मग मी खाली वाकलो.

वड्या काळ्या. चकचकीत काळ्या.

"आई," मी शक्य तितक्या हळू म्हणालो, "ह्या वड्यांवर चिकटपट्टी होती."

"होती ना. कोणी काढायलाच विसरलं होतं. मी काढली आणि नीट दोन हात दिले. कडेला ब्रश पोचत नव्हता, तिथे बोटाने लावला." त्यांनी मला काळं बोट दाखवलं. शाबासकीसाठी दाखवलं.

मी पॉलिश पेपर घेतला आणि वडी घासायला लागलो.

"दाजी, तुम्ही कशाला," मेव्हणा आलाच. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. घासता घासता कागद वडीवरून सरकला आणि बाजूच्या तळाला लागला. काळा रंग निघाला आणि खाली लाल दिसला.

मी थोडं आणखी घासलं. लालच. हा लाल मला अंधारातसुद्धा ओळखू येईल.

"हा लाल कुठून आला?"

"तो होय," मेव्हणा खुशीत म्हणाला. "गेल्या वर्षीचा अर्धा डबा पडून होता. आई म्हणाली, वाया कशाला घालवायचा? आधी तो लावला, मग वरून तुमचा. डबल संरक्षण."

"आणि प्रायमर?"

मेव्हणा आभाळाकडे बघायला लागला.

"प्रायमर कुठाय?"

"तो नुसता राखाडी दिसत होता हो, दाजी. वरून झाकलाच जाणार, मग कोण बघणार? म्हणून गच्चीच्या कठड्याला लावला. कठडा बघा एकदा, काय झालाय!"

म्हणजे आमचा कठडा आता सातासमुद्रापार जायला तयार होता, आणि लाँच घासलेल्या उघड्या अंगावर तांबं चोपडून खाडीत उतरणार होती. मी हातातला कागद जमिनीवर आपटला. कागद आपटल्याचा आवाज होत नाही, त्यामुळे माझा राग आणखीच वाढला.

"हे सगळं खरवडायचं! सगळं! पार पत्र्यापर्यंत!"

माझा आवाज यार्डभर गेला असावा, कारण पलीकडच्या ट्रॉलरखालून दोन डोकी बाहेर आली. नेमकी तेव्हाच बायको थर्मास घेऊन पोचली.

"अहो, आवाज खाली घ्या. सांगायची एक रीत असते."

"सगळ्या रीती झाल्या. जेवताना सांगितलं, ताट-चमचा करून सांगितलं, चिकटपट्टी लावून सांगितलं. आता काय पाय धरून सांगू?"

"आधी चहा घ्या."

मी भिंतीवर डोकं आपटलं असतं, पण यार्डाला भिंत नाही, पत्रे आहेत.

क्रेनवाला आला. हा माणूस कधीच उभा राहत नाही, चालता चालताच बोलतो. "सकाळी भरतीला सोडायची ना? तुमच्या जागेवर लगेच ट्रॉलर घ्यायचाय. उद्याची चुकली तर पुढच्या उधाणापर्यंत मी काही करू शकत नाही."

"सोडायची," मेव्हणा म्हणाला.

"नाही सोडायची," मी म्हणालो.

क्रेनवाल्याने सासूबाईंकडे बघितलं. सगळे त्यांच्याकडेच बघतात. त्यांनी ब्रश झटकला.

"जावईबापू म्हणतील तसं करायचं," त्या म्हणाल्या. "फक्त पलीकडची माणसं कधीची खोळंबलीत, एवढंच."

ह्याचा अर्थ सोडायची. क्रेनवाल्याला तो कळला, मेव्हण्याला कळला, मलाही कळला. क्रेनवाला चालत चालत निघून गेला.

"दाजी, पुढच्या वर्षी तुमच्या पद्धतीने करू," मेव्हणा समजुतीच्या सुरात म्हणाला. "पाण्याखाली बघायला कोण जातंय?"

"पाणी बघतं, गाढवा!"

त्याला मी पहिल्यांदाच असं काही म्हणालो होतो. तो नुसता हसला. जावयाचा राग म्हणजे पाहुण्याची उचकी, पाणी दिलं की थांबते, अशी ह्या घराची समजूत आहे. बायकोने माझ्यासमोर चहाचा कप ठेवला आणि सासूबाई, "सोडायच्या आधी आतली बाकं पुसून घेते," म्हणत शिडीवरून लाँचमध्ये चढल्या.

मी एकटाच तळाखाली उकिडवा बसून राहिलो. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकत होतो. काम नसलं की वेल्डर असंच काहीतरी ठोकत बसतो. चांगला पत्रा ठण्‌ वाजतो. ठण्‌, ठण्‌, ठण्‌. मग एके ठिकाणी भद्द वाजलं.

मी पुन्हा ठोकलं. भद्द.

टोकाने उकरलं तर पांढरी भुकटी सांडली. पुट्टी. आणखी उकरलं, तशी रुपयाएवढी चकती अख्खी निघून हातात आली. तिच्या मागे खड्डा होता. मी त्यात करंगळी घातली. बाजूला ठोकलं, तिथेही भद्द. त्याच्या बाजूलाही. काचेसारखा गुळगुळीत तळ! ज्याच्यावर मी परवा हात फिरवून खूश झालो होतो, तो पत्रा नव्हताच, पुट्टी होती.

मी खालून हाक मारली, "आई, मधली फळी उचला."

"कशाला? तिथे पुसून झालंय."

"उचला तर खरी. आणि खाली बघत बसा."

फळी सरकल्याचा आवाज आला. मी स्क्रू ड्रायव्हर खड्ड्यात टेकवला आणि दाबला. फार जोर लावलाच नाही. कच्च्या बटाट्यात जावा तसा तो आत गेला, मुठीपर्यंत.

लाँचच्या काठावरून सासूबाईंचं डोकं हळूहळू बाहेर आलं.

"हे काय आहे?"

"मी आहे," मी म्हणालो. "खालून."

त्यांनी डोकं आत घेतलं आणि आतूनच म्हणाल्या, "तिथे खड्डे होते. मला माहीत होतं."

"तुम्ही भरले?"

"मीच भरले. तुम्ही कामावरून यायच्या आधी."

"आणि मला सांगितलं नाही?"

"कसं सांगायचं?" त्यांचा आवाज कधी नव्हे तो अडखळला. "लाँच तुमच्या पसंतीची. जावयाला तोंडावर म्हणायचं का, की तुमची वस्तू किडकी निघाली?"

मी मेव्हण्याकडे बघितलं. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. मी बायकोकडे बघितलं. ती थर्मासचं झाकण लावत होती, आधीच लागलेलं.

"तुलाही माहीत होतं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," ती म्हणाली.

मग मात्र माझा बांध फुटला. "मला वाईट वाटू नये म्हणून भोक पडलेल्या लाँचमधून माणसं नेणार होतात? बायका, म्हातारे, शाळेची पोरं? अहो, मला तोंडावर सांगायचं होतं! शिव्या द्यायच्या होत्या! खड्डे दिसले त्याच दिवशी म्हणायचं होतं, की काय हा डबा आणलास गळ्यात बांधायला! तेव्हाच मी ठिगळ मारलं असतं. माझं कामच आहे ते, आणि तेवढंच येतं मला. पण नाही. वडीला रंग, खड्ड्याला पुट्टी आणि मला चहा! नको मला तुमचा मान. मला वैताग आलाय त्याचा. इतका वैताग आलाय की..."

मी कप उचलला आणि चहा जमिनीवर ओतला. ओतताना लक्षात आलं की दुपारपासून घसा कोरडा आहे, पण आता इलाज नव्हता.

सासूबाई शिडीवरून उतरल्या. एकेक पायरी, सावकाश. माझ्या शेजारी खाली बसल्या आणि ते काळं बोट भोकात घातलं. आत फिरवलं. कडा चाचपल्या. मग उठून क्रेनवाल्याच्या शेडपर्यंत चालत गेल्या आणि तिथून त्यांचा आवाज आम्हाला ऐकू आला.

"उद्या सोडायची नाही."

परत येऊन त्यांनी पिशवी उचलली आणि सरळ घरी गेल्या. रात्री जेवायलाही बाहेर आल्या नाहीत. बायको म्हणाली, "झालं समाधान?" मी म्हणालो, "नाही." खरंच झालं नव्हतं. म्हातारीला दुखावलं, धक्क्यावर हसं झालं, आणि लाँचच्या बुडाला भोक ते भोकच.

आज सकाळी मी यार्डात आलो तेव्हा ट्रॉलरला जागा करून द्यायला आमची लाँच ओढून कोपऱ्यात, भंगाराच्या ढिगाशेजारी ठेवलेली होती. सासूबाई माझ्या आधीच आल्या होत्या. डोक्याला फडकं, तोंडाला फडकं, हातात खरवडायची पट्टी. लोखंडी नव्हे, लाकडी. मी मान हलवली, त्यांनी हलवली नाही.

खरवडणं हे काम नव्हे, शिक्षा आहे. उताणं पडायचं आणि काळा रंग, लाल रंग, पांढरी पुट्टी, सगळं आपल्याच तोंडावर पाडून घ्यायचं. लाल रंग तर सांध्यासांध्यात शिरलेला. इतका मनापासून लावला होता की निघता निघेना. मेव्हणा दर थोड्या वेळाने उठून पाठ मोकळी करत होता. मी दोन्ही टोकांकडून खड्डे मोजत आलो आणि मधेच मोजणं सोडून दिलं. कुठे ठिगळ मारायचं आणि कुठे अख्खा पत्रा बदलायचा, ह्याचा विचार करता करता डोकं उठलं. पलीकडे भरती आली, टिपेला पोचली आणि ओसरायला लागली. आमच्या लाँचची भरती. धक्क्यावर माणसं उभी राहिली, आमच्याकडे बघितलं आणि पुलाच्या लांबच्या वाटेने निघाली. एक जण जाता जाता ओरडला, "काय मग, डबा फुटला का?"

मी खरवडत राहिलो. सासूबाईही. सकाळपासून त्या बोलल्याच नव्हत्या. मला वाटलं, आता ही बाई आपल्याशी जन्मात बोलणार नाही. एका अर्थी सुटलो, म्हटलं. पण सुटल्यासारखं वाटेना. मी पुढच्या टोकाकडचा तळ उरकला आणि मागे सरकलो.

"अरे ए!"

मी दचकलो. मेव्हण्याची पट्टी हवेतच राहिली.

"डोळे आहेत की बटणं?" सासूबाई तळाखालून डोकं काढून माझ्याकडे बघत होत्या. फडक्यावरचे त्यांचे डोळे लालभडक झाले होते, धुळीने की कशाने देव जाणे. "हा एवढा लाल डाग सोडून निघालास. हा कोण काढणार, तुझा बाप?"

"आई!" बायको थर्मास घेऊन मागे उभी होती, तिच्या तोंडून निघून गेलं.

"तू मधे बोलू नकोस. बघ रे, इथेही आहे. आणि ह्या सांध्यात. वेल्डर म्हणे! ह्याच्यावर उद्या ठिगळ मारणार होतास? शंख कुठला."

मी गुमान परत पुढे सरकलो. डाग होता. चांगला तळहाताएवढा होता. मी तो खरवडला, सांधा टोकरला, बाजूचाही काढला. त्या शेजारी येऊन बसल्या आणि जस्ताची वडी पॉलिश पेपरने घासू लागल्या. काळा थर गेला आणि खालचं मळकट राखाडी जस्त दिसायला लागलं. त्यांनी तोंड वाकडं केलं.

"ही अशीच ठेवायची?"

"अशीच."

"किती ओंगळ दिसतंय."

"दिसू दे."

"हं," म्हणाल्या आणि दुसऱ्या वडीकडे सरकल्या.

बायकोने चहा ओतला. आधी आईला दिला, मग भावाला, मग स्वतः घेतला. तिघं भंगाराच्या सावलीत बसून प्यायला लागली, आणि पत्रा कुठून आणायचा ह्यावर सासूबाई मेव्हण्याला झापू लागल्या. मला कोणी विचारलं नाही. मी डाग संपवला, हात पुसले आणि जाऊन माझा मी ओतून घेतला.